यादीतल्या मुली आणि ट्रॉयच्या बायका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. विद्यापीठांत ग्रीक-लॅटिन शिकवणं म्हणजे गोऱ्यांच्या पितरांना आपल्या पैशानं जेवू घालणं, असा त्यांचा सूर. बुधवारी त्याला उत्तर आलं: लोकशाही, तत्त्वज्ञान, भूमिती, ऑलिंपिक ज्यांनी जगाला दिलं, त्यांचा अभ्यास नको म्हणता? भांडण जोरात आहे. पण दोघांपैकी एकानंही एखाद्या ग्रीक नाटकाचं, एखाद्या रोमन पत्राचं, निदान एखाद्या मूर्तीचं नाव घेतलेलं नाही. न वाचताच एकानं हाकलून दिलं आणि न वाचताच दुसऱ्यानं देव्हाऱ्यात बसवलं.

मी लातूरला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. ग्रीक मी निवृत्तीनंतर शिकायला घेतली. अजूनही दर दोन ओळींना कोश उघडावा लागतो. तेव्हा हे पत्र विदुषीचं नाही, एका वाचणारीचं आहे.

शाळेत आम्ही ग्रीक किती शिकवायचो? अलेक्झांडर आला, पोरसशी लढला, इसवी सनपूर्व ३२६, सैन्य कंटाळलं, परत गेला. रोमन तर त्याहून कमी. संपादक महाशय, जागेअभावी काही कापायचं झालं तर हा परिच्छेद कापा. शाळेतही तो एका तासिकेत संपायचा.

खरी गोष्ट लातूरहून तासा-दीड तासावर आहे. तेर. गोरोबाकाकांचं तेर म्हणून वारकऱ्यांना ठाऊक, आणि थोड्यांना लामतुरे संग्रहालयामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू जपून ठेवल्या, त्यांचं पुढे सरकारी संग्रहालय झालं. त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती आहे. सहलीला आलेली मुलं तिच्यासमोरून धावत पुढे जातात, कारण ती लहान आहे आणि बाहेर आइस्क्रीमवाला उभा असतो.

आता इटलीत चला. १९३८ साली पाँपेईच्या एका मोठ्या रस्त्यावरच्या घरात अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताचीच एक मूर्ती सापडली. साधारण वीतभर उंच, अंगावर दागिने मोप, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी, डोक्यात वरून आरपार भोक. म्हणजे ती कसल्या तरी फर्निचरचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. ती भारतीय आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सापडल्या सापडल्या तिला लक्ष्मी म्हणून टाकलं, पुढे यक्षी म्हणू लागले. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या बुडाशी वायव्य भारतातल्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणून काही जण ती वायव्येकडून गेली असं मानतात. पण तिची सगळ्यात जवळची नातलग मंडळी तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली आहेत, त्यामुळे ती दख्खनमधलीच असं म्हणणारेही पुष्कळ.

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. पाँपेई व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे ही मूर्ती त्याच्या आधीची, यात वाद नाही. आपल्याकडे सातवाहनकाळातल्या वस्तूंची कालनिश्चिती ही केवढी डोकेदुखी. आणि इथे एका ज्वालामुखीनं दख्खनी कारागिरांच्या हातकामाला ‘याच्यानंतरचं नाही’ अशी तारीख ठोकून दिली.

अशी उदाहरणं आणखी आहेत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा सातवाहनांचा काळ लावायला त्यांच्या हाताशी शिलालेख, नाणी, पुराणं होती आणि टॉलेमीचा ग्रीक भूगोलही होता. इसवी सन १५०च्या आसपासचा हा टॉलेमी सांगतो की बैठण ही सिरो पोलेमायोसची राजधानी आणि ओझेने ही टियास्टेनेसची. पैठणचा पुळुमावी आणि उज्जैनचा चष्टन! दोघे साधारण एकाच काळातले. अलेक्झांड्रियात बसून अक्षांश-रेखांश जुळवणाऱ्या माणसानं आपल्या इतिहासातली एक गाठ मारून ठेवली, आणि ती सोडवणारा माणूस संस्कृतचा गाढा पंडित होता. भांडारकरांना कुणी गोऱ्यांच्या पितरांचं श्राद्ध घालणारा म्हणायचं धाडस करील काय?

आणि मग ‘पेरिप्लस’. हे पहिल्या शतकातल्या, इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याचं टिपण. नाव माहीत नाही. तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिका, अरबस्तान आणि आपला किनारा: कुठे बंदर आहे, कुठे खडक, कुठला राजा, काय विकलं जातं, काय खपत नाही. त्याची जुनी हस्तलिखित प्रत एकच, दहाव्या शतकातली, हायडेलबर्गला. तिची पानं आता त्या ग्रंथालयानं सर्वांसाठी खुली केली आहेत. मी ती फोनवर दोन बोटांनी मोठी करून पाहते. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहाएक दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगर म्हणजे तेर, हे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिलं. (तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण जो माणूस स्वतः घाट चढून आलेला दिसत नाही, त्याला इतकी सूट द्यायला हवी.) पैठणहून गोमेद, तगरहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल, आणि हे सारं वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर घालून भडोचला. कल्याणची हकिगतही आहे: पूर्वी ते उघडं बंदर होतं, पुढे तिथे ग्रीक जहाज चुकून शिरलं तर पहारा लावून त्याला भडोचला नेत. सातवाहन आणि भडोचवर सत्ता असलेले क्षत्रप यांच्यातली ही आर्थिक नाकेबंदी आपल्याला एका परक्या व्यापाऱ्याच्या तक्रारीतून कळते. इकडे जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाचा यवन पाण्याची दोन टाकी दान देतो, चिट नावाचा यवन भोजनमंडप देतो, कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. ही ग्रीक माणसं होती, ग्रीकांच्या वंशातली होती, की पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही तेव्हा यवन म्हणत, यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

इथपर्यंत वाचून बुधवारचे पत्रलेखक खूश होतील: बघा, आमचं नाव आहे त्यांच्या ग्रंथात. नेमका हाच मोह मला नको आहे. ग्रीकांना फक्त पैठण-कल्याणसाठी वाचणं म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये आपलाच फोटो शोधणं.

त्याच पेरिप्लसमध्ये भडोचला काय आयात होतं त्याची यादी आहे. द्राक्षाची दारू, त्यातही इटलीची अधिक पसंतीची. तांबं, कथील, शिसं, पोवळी. आणि खास राजासाठी: चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी देखण्या मुली, उंची दारू, भारी कापड, उत्तम सुगंधी लेप. याच क्रमानं. हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोच, ज्याचा जावई उषवदात यानं नाशिकच्या लेण्यात आपण दान दिलेल्या तीन लाख गायी कोरून ठेवल्या. गायींची गणती आपल्या भिंतीवर आहे. मुलींची गणती कुठेच नाही. चांदीची भांडी आणि दारू यांच्या मधे त्यांचा उल्लेख येतो, आणि लिहिणाऱ्याचा हात तिथे जराही अडखळलेला नाही.

मी ग्रीक वाचते ती या यादीपाशी थांबून. कारण त्या मुलींनी काय बोललं असतं, हे लिहून पाहणारा माणूसही त्याच भाषेत, त्याच्याआधी पाचेकशे वर्षं होऊन गेला होता.

इसवी सनपूर्व ४१६. अथेन्सनं मेलोस नावाच्या लहानशा बेटाला वेढा घातला. मेलोसचं म्हणणं इतकंच की आम्हाला अथेन्स-स्पार्टाच्या या युद्धात तटस्थ राहू द्या. इतिहासकार थ्युसिडिडीसनं दोन्ही बाजूंची बोलणी लिहून ठेवली आहेत, आणि त्यात अथेन्सचे वकील सरळ सांगतात की न्यायाचा प्रश्न तोडीस तोड असलेल्यांत येतो. एरवी बलवान जमेल ते करतात आणि दुबळे सोसायचं ते सोसतात. मग बेट पडलं. हाती लागलेले प्रौढ पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. ज्या नगरीला आपण लोकशाहीची आई म्हणतो, तिच्या सभेत मतं घेऊन हे ठरलं.

पुढच्याच वसंतात, ४१५ साली, त्याच नगरीच्या सरकारी नाट्योत्सवात युरिपिडीसनं ‘ट्रॉयच्या बायका’ हे नाटक केलं. काही जण म्हणतात, इतक्या कमी वेळात मेलोसवर नाटक लिहून होणं शक्य नाही. नसेल लिहिलं मेलोसवर. पाहणाऱ्यांना तर मेलोस माहीत होतं. ट्रॉय जळालंय, पुरुष मेलेत, आणि जिंकलेल्या ग्रीक सैन्याच्या छावणीत बायका चिठ्ठ्यांनी वाटल्या जातायत. राजकन्या कसांड्रा सेनापती ॲगमेम्नॉनला, राजघराण्याची सून अँड्रोमाकी तिच्या नवऱ्याला मारणाऱ्याच्या मुलाला, म्हातारी राणी हेक्युबा ओडिसियसला. मधेच निरोप्या येतो: अँड्रोमाकीच्या लहानग्याला तटावरून खाली फेकायचं ठरलंय. निरोप्यालाच सांगताना लाज वाटते. शेवटी पोराचं प्रेत त्याच्या मेलेल्या बापाच्या ढालीत घालून आजीकडे देतात, पुरायला. या नाटकात घडत असं काही नाही. कुणी वाचवायला येत नाही. बायका बोलतात, एवढंच.

दहावीच्या वर्गात, परीक्षा संपल्यावरच्या रिकाम्या तासांना, मी यातले दोन प्रवेश इंग्रजीवरून केलेल्या माझ्या ओबडधोबड मराठीत मुलींकडून वाचून घेतले होते. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, “बाई, हे बघायला बसलेले लोक म्हणजे तेच ना, ज्यांनी त्या बेटावरच्यांना मारलं?” तेच, म्हटलं. “मग त्यांनी बघून घेतलं?” घेतलं. आणि दुसरं बक्षीसही दिलं. पहिलं गेलं झेनोक्लीस नावाच्या कुणाला; त्याचं एकही नाटक आज शिल्लक नाही.

त्या मुलीचा प्रश्न मला अजून पुरतो. ग्रीक थोर होते की क्रूर, यात तिला रस नव्हता. आपणच केलेल्या गोष्टीकडे, जिच्यावर केली तिच्या बाजूनं, गावानं एकत्र बसून पाहायचं, हे त्यांना कसं जमलं, हे तिला हवं होतं. आणि ती सवय युरिपिडीसपासूनची नाही. त्याच्याही आधी, इसवी सनपूर्व ४७२ साली एस्किलसनं ‘पर्शियन’ केलं. ग्रीकांनी इराणी आरमाराला हरवलं त्या सलामिसच्या लढाईला तेव्हा आठ वर्षंही पुरती झाली नव्हती. इराण्यांनी अथेन्स जाळलं होतं. एस्किलसचा सख्खा भाऊ मॅरेथॉनवर त्यांच्याशी लढताना मेला होता. आणि नाटक घडतं कुठे? शत्रूच्या राजधानीत. रडतं कोण? शत्रूच्या राजाची आई. पहिलं बक्षीस! नाटकाचा खर्च उचलला होता तरुण पेरिक्लीसनं. त्यात अथेन्सचा अभिमान ठासून भरलाय, नाही असं नाही. पण विजयाची बातमी हरलेल्यांच्या घरी बसून ऐकायची, हे मला फार मोठं वाटतं. आठ वर्षांपूर्वीच्या आपल्या कुठल्याही शत्रूबद्दल असं नाटक आपल्याकडे आज राज्य नाट्य स्पर्धेला उभं करून दाखवावं, मग बोलू.

कौतुक इथेच थांबवते, कारण सलामिसला लढलेली गलबतं ज्या पैशांतून बांधली ती चांदी लॉरियनच्या खाणीतली, आणि त्या खाणीत राबणारे गुलाम होते. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, असं ॲरिस्टॉटल शांतपणे लिहून गेला. जोतीरावांच्या महाराष्ट्रात हे वाचताना भुवई उंचावत नसेल तर वाचणं वाया गेलं. उलट मला वाटतं, ‘जन्मानं कोण कसा’ या विषयावर आपल्याइतकं सोसून आणि भांडून आलेल्या समाजाला ॲरिस्टॉटलला विचारण्यासारखं युरोपपेक्षा जास्त आहे.

आणि ते आपल्याकडे कसे पाहत होते, तेही एकदा बघून घ्यावं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यावर ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्रज अभ्यासकांनी १८९६ पासून खणायला सुरुवात केली. उकिरडाच तो, पण कोरडा; पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचे, पाच लाखांच्या घरात तुकडे निघाले. त्यात एक फार्स आहे, १९०३ साली छापलेला. कॅरिशन नावाची ग्रीक मुलगी भारताच्या किनाऱ्यावरच्या देवळात अडकलीय, भाऊ जहाज घेऊन सोडवायला आलाय. युक्ती काय, तर इथल्या राजाला आणि त्याच्या लोकांना पाणी न घातलेली दारू पाजायची. ग्रीक दारूत पाणी घालून पीत. हे बिचारे बिनपाण्याच्या दारूनं नाचायला लागतात आणि मग त्यांना बांधून पोरगी पळवतात. सोबत एक सोंगाड्या आहे, त्याचं शस्त्र म्हणजे पादणं. होय, तेच, आणि त्याची देवीसुद्धा आहे. आपले लोक नाटकात जी भाषा बोलतात ती ग्रीकांना अगम्य. ती जुनी कन्नड आहे असं शिलालेखतज्ज्ञ हुल्ट्श यांनी सुचवलं, आपल्याकडच्या शामशास्त्रींनीही तोच धागा पुढे नेला. पुष्कळांना मात्र ती नुसती अगडबगड वाटते. रविवारच्या पत्रलेखकांना राग यायला याहून चांगलं निमित्त सापडणार नाही. मला हसू आलं. सोफोक्लीसची शंभराहून जास्त नाटकं, त्यातली पुरती सात उरली. आणि हा पादरा फार्स मात्र उकिरड्यानं जपला.

शिल्पांबद्दल एकच सांगते. माझा भाचा चित्रकलेच्या महाविद्यालयात होता, तेव्हा ‘अँटिक’च्या तासाला प्लास्टरच्या पांढऱ्याफटक ग्रीक मुंडक्यांवरून छायाप्रकाश काढून काढून वैतागला होता. जे. जे.पासून चालत आलेली ही रीत. पण मूळ मूर्ती पांढऱ्या नव्हत्याच. केस, ओठ, बुबुळं, वस्त्रांची नक्षी, सगळं रंगवलेलं असे. उरलेसुरले कण तपासून ब्रिंकमन या जर्मन अभ्यासकांनी रंगीत प्रतिकृतीच करून दाखवल्या, २००३ पासून त्यांची प्रदर्शनं जगभर फिरतायत. युरोपात त्या पाहून लोकांना धक्का बसला, भडक वाटल्या. आता रंगवलेल्या देवाचा धक्का आपल्याला काय बसायचा! भाद्रपदात डोळ्यांच्या आखणीसाठी कोण कारागीर चांगला, हे ज्या गावात लहान पोरांना कळतं, तिथे ग्रीक मूर्ती समजायला आधी तो पांढरा रंग विसरावा लागतो, इतकंच.

मागणं फार नाही. तेरच्या त्या हस्तिदंती मूर्तीशेजारी पाँपेईतल्या मूर्तीचा एक मोठा फोटो आणि मराठीत चार ओळी लावाव्यात. फ्रेमचा खर्च मी देईन. सातवाहनांच्या धड्यात पेरिप्लसचा पैठण-तगरचा उतारा आणि ती आयातीची यादी जशीच्या तशी द्यावी, मुलींसकट. प्राचीन इतिहासात एम.ए. करणाऱ्यांना वर्षभर तरी ग्रीक शिकता यावं. संस्कृत शिकलेल्या मुलांचं निम्मं काम झालेलं असतं; द्विवचन, आत्मनेपद, आठ नाही तरी पाच विभक्ती, यांना ती बिचकत नाहीत. पुस्तकांचं रडगाणंही आता खरं नाही. १९१२ पासून निघणाऱ्या लोब मालिकेचे जुने खंड, हिरवे ग्रीक आणि तांबडे लॅटिन, डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी, फुकट उतरवून घेता येतात. मीही तसेच घेतले.

आणि एक. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र १९५७ सालीच मराठीत आणलं. त्यात ज्या नाटकांबद्दल चर्चा आहे ती नाटकं मात्र आम्ही अजून बहुतेक इंग्रजीतूनच वाचतो. ‘ट्रॉयच्या बायका’ मी आता मुळावरून मराठीत करत आणलंय. समूहगीतांत अडलेय, बाकी संवाद उभे राहतील असे झालेत. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या कुठल्या हौशी संस्थेला करायचं असेल तर संहिता द्यायला मी तयार आहे, मानधन नको. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. दोनच अटी. बाळाला पुरण्याचा प्रवेश ‘लोकांना जड जाईल’ म्हणून गाळायचा नाही. आणि हेक्युबासाठी आवाज टिकणारी बाई बघा. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावरून हलत नाही, विंगेत जाऊन पाणी प्यायलाही सवड नाही.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, लातूर